हातमोजा जलरोधक आहे. पण रसायनरोधक आहे का?

पालघर, प्रतिनिधी

बोईसरच्या बाजारपेठेतील हार्डवेअरच्या दुकानांत हातमोजे टांगलेले किंवा गठ्ठ्याने रचलेले दिसतात. केशरी रबरी, काळे जाड, निळे पातळ, पांढरे विणलेले, चामड्याचे असे सर्व प्रकार तेथे मिळतात. गिऱ्हाईक हाताचे माप पाहते, किंमत विचारते आणि बहुधा एकच प्रश्न करते, ‘पाणी आत येणार नाही ना?’ घरची भांडी घासण्यासाठी हा प्रश्न पुरेसा आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीत ड्रममधून द्रावण उपसणाऱ्या कामगारासाठी मात्र तो अपुरा, प्रसंगी धोकादायक आहे. जो हातमोजा पाण्याचा थेंबही आत येऊ देत नाही, त्याच हातमोज्यातून एखादे द्रावण काही मिनिटांत त्वचेपर्यंत पोहोचते आणि कामगाराला त्याचा पत्ताही लागत नाही.

तारापूर वसाहतीत रसायने, औषधे, रंगद्रव्ये, कापड आणि पोलाद यांचे कारखाने शेजारी शेजारी उभे आहेत. येथील मोठ्या दुर्घटनांच्या बातम्या होतात. ११ जानेवारी २०२० रोजी कोलवडे येथील कारखान्यातील स्फोटात आठ जणांचा बळी गेला, तेव्हा राज्याचे लक्ष बोईसरकडे वळले होते. परंतु हाताला पडलेल्या भेगा, काळवंडलेली नखे, वारंवार सोलली जाणारी त्वचा आणि त्वचेवाटे रक्तात गेलेले रसायन यांची बातमी होत नाही. ही इजा हळूहळू होते आणि पुष्कळदा ‘कामाचाच भाग’ म्हणून सोसली जाते. तिला अडविणारे सर्वांत साधे साधन हातमोजा हेच आहे. म्हणूनच तो कसा निवडावा, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

रसायनासाठीच जन्मलेला हातमोजा

शस्त्रक्रियेतील रबरी हातमोजा रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. विल्यम हॉलस्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षाराने त्वचारोग झाला. तेव्हा, १८८९-९० च्या सुमारास, हॉलस्टेड यांनी गुडइयर या रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. जंतुसंसर्ग टाळण्याचा त्याचा उपयोग नंतर लक्षात आला. थोडक्यात, काम करणाऱ्याचा हात रसायनापासून वाचविणे हाच या साधनाचा मूळ हेतू होता.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी त्याच अमेरिकेत या साधनाची मर्यादाही भयंकर रीतीने उघड झाली. डार्टमथ महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहॅन यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगाचे काही थेंब सांडले. त्यांनी लॅटेक्सचा हातमोजा घातला होता. तो फाटलेला नव्हता, त्याला छिद्रही नव्हते. काही महिन्यांनी त्यांचा तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले आणि जून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. नंतरच्या चाचण्यांत असे आढळले, की ते द्रव्य अशा हातमोज्यातून १५ सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळात आरपार जाते. ज्यांना रसायनांची पूर्ण जाण होती, अशा शास्त्रज्ञाच्या बाबतीत हे घडले. कामगाराला तर आपण कशात हात घालत आहोत, याची कल्पनाही अनेकदा नसते.

रसायन आत कसे जाते?

हातमोज्यातून रसायन आत जाण्याचे किंवा हातमोजा निकामी होण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग सर्वांना ठाऊक असलेला. हातमोज्याला सूक्ष्म छिद्र, फाटलेली शिवण किंवा चीर असते आणि तेथून द्रव आत शिरतो. दुसरा मार्ग डोळ्यांना दिसणारा आहे. रसायनाच्या संपर्काने हातमोजाच बिघडतो. तो फुगतो, मऊ पडतो, चिकट होतो किंवा उलट कडक होऊन तडकतो. तिसरा मार्ग सर्वांत फसवा आहे. हातमोजा अखंड दिसतो, त्याचा रंगही बदलत नाही. परंतु रसायनाचे रेणू रबराच्या रेणूंमधून वाट काढत पलीकडे झिरपतात. पाण्याने भरलेल्या फुग्यातून पाणी गळत नाही, तरी हवेचा फुगा दोन दिवसांत बसतो, हे सर्वांनी पाहिलेले आहे. हवा जशी फुग्याच्या भिंतीतून निघून जाते, तशीच ही क्रिया असते.

रसायन बाहेरच्या बाजूस लागल्यापासून ते आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत जो वेळ लागतो, त्याला भेदनकाळ म्हणता येईल. हातमोजा निवडण्याची खरी किल्ली हीच आहे. एकाच हातमोज्याचा भेदनकाळ एका रसायनासाठी आठ तासांहून अधिक, तर दुसऱ्यासाठी एक मिनिटाहूनही कमी असू शकतो. ‘चांगला हातमोजा’ अशी वस्तू त्यामुळे अस्तित्वात नाही. ‘अमुक रसायनासाठी, अमुक वेळेपर्यंत चांगला’ एवढेच म्हणता येते.

कोणत्या कामाला कोणता?

नैसर्गिक रबर म्हणजेच लॅटेक्सचा हातमोजा लवचिक असतो आणि त्यात पकड चांगली येते. पाणी, साबण, सौम्य आम्ले व अल्कली यांसाठी तो उपयुक्त आहे. तेल, ग्रीस, पेट्रोल, थिनर किंवा टोल्युइन यांच्यापुढे तो टिकत नाही. काही जणांना लॅटेक्सची अॅलर्जीही असते.

निळ्या किंवा हिरव्या रंगात सर्रास मिळणारा नायट्राईलचा हातमोजा तेल व ग्रीससाठी उत्तम. यंत्रांच्या देखभालीत त्याचा उपयोग होतो. परंतु अॅसिटोन आणि मेथिलिन क्लोराईड या, औषधनिर्मितीत नित्य वापरल्या जाणाऱ्या द्रावकांपुढे तो लवकर हार मानतो. एकदा वापरून टाकावयाचा पातळ नायट्राईल हातमोजा तर केवळ शिंतोड्यांपुरता असतो. तो घालून ड्रममध्ये हात बुडविणे किंवा तीव्र गंधकाम्ल हाताळणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होय.

पीव्हीसीचे जाड, लांब बाह्यांचे हातमोजे आम्ले, कॉस्टिक सोडा व क्षारांच्या द्रावणांसाठी वापरले जातात. मात्र पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये सेंद्रिय द्रावकांत विरघळून निघून जातात. मग हातमोजा कडक होतो आणि तडे जातात. निओप्रीन हा आम्ल, अल्कली व अल्कोहोल अशा अनेक पदार्थांना बऱ्यापैकी तोंड देणारा प्रकार आहे.

ब्युटाईल रबराचा हातमोजा महाग असतो, पण अॅसिटोनसारखे कीटोन, डायमिथाइल फॉर्मामाइड तसेच अॅनिलिन यांच्यासाठी तो विश्वासार्ह मानला जातो. हाच हातमोजा पेट्रोल किंवा टोल्युइनसाठी मात्र उपयोगाचा नाही. तेथे व्हायटॉन लागतो आणि व्हायटॉन अॅसिटोनपुढे निष्प्रभ ठरतो. पीव्हीए या प्रकाराची तऱ्हा तर आणखी वेगळी. अनेक जहाल द्रावकांना तो दाद देत नाही, परंतु साध्या पाण्यात विरघळू लागतो. जलरोधक आणि रसायनरोधक या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सांगण्यास याहून बोलके उदाहरण नाही. अनेक थरांचे प्लास्टिक चिकटवून तयार केलेले हातमोजे बहुतेक रसायनांना दीर्घकाळ अडवितात. ते हातावर नीट बसत नाहीत, म्हणून त्यांवर दुसरा घट्ट हातमोजा चढवितात.

रंगद्रव्ये व त्यांची मध्यवर्ती रसायने बनविण्याच्या उद्योगात अॅनिलिन आणि नायट्रोबेंझिन ही नावे नवीन नाहीत. ही दोन्ही द्रव्ये त्वचेवाटे शरीरात जातात आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करतात. ओठ व नखे निळसर पडणे, डोके दुखणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे होत. हाताला जळजळ झाली नाही म्हणजे काही झाले नाही, असे मानणे म्हणूनच चुकीचे आहे. फिनॉलने तर भाजलेली जागा बधिर होते. त्यामुळे आरंभी वेदनाच जाणवत नाहीत.

हातमोजा काय अडवितो आणि काय अडवीत नाही, याचे आणखी एक उदाहरण याच परिसरात आहे. १९६९ पासून वीजनिर्मिती सुरू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्रासारख्या ठिकाणी हातमोजे घातले जातात ते किरणोत्सर्गी कण त्वचेला लागू नयेत आणि हातांवाटे इतरत्र पसरू नयेत म्हणून. गॅमा किरणे हातमोज्याने अडत नाहीत. त्यांच्यासाठी अंतर, वेळेची मर्यादा आणि जाड आवरण हेच उपाय आहेत.

खुणा वाचायला शिका

चांगल्या प्रतीच्या हातमोज्यावर किंवा त्याच्या वेष्टनावर काही चिन्हे छापलेली असतात. रासायनिक संरक्षणासाठी ‘ईएन ३७४’ किंवा ‘आयएसओ ३७४’ हा मानक क्रमांक आणि प्रयोगशाळेतील शंकुपात्राचे चित्र असते. त्याखाली इंग्रजी अक्षरे असतात. या मानकात १८ रसायनांना एकेक अक्षर दिलेले आहे. उदाहरणार्थ, ‘ए’ म्हणजे मिथेनॉल, ‘बी’ म्हणजे अॅसिटोन, ‘डी’ म्हणजे मेथिलिन क्लोराईड, ‘एफ’ म्हणजे टोल्युइन, ‘के’ म्हणजे ४० टक्के कॉस्टिक सोडा, ‘एल’ म्हणजे ९६ टक्के गंधकाम्ल, ‘एम’ म्हणजे ६५ टक्के नायट्रिक आम्ल. जे अक्षर छापलेले नाही, त्या रसायनासाठी हातमोज्याने खात्री दिलेली नाही, असेच समजावे.

या हातमोज्यांचे तीन प्रकार केलेले आहेत. ‘ए’ प्रकारातील हातमोजा यादीतील किमान सहा रसायनांना प्रत्येकी ३० मिनिटांहून अधिक काळ अडवितो. ‘बी’ प्रकारातील हातमोजा किमान तीन रसायनांना तेवढाच काळ अडवितो. ‘सी’ प्रकारात किमान एका रसायनासाठी १० मिनिटांची हमी असते. घासणे, कापले जाणे, फाटणे व टोचणे यांना होणाऱ्या प्रतिकारासाठी ‘ईएन ३८८’, उष्णतेसाठी ‘ईएन ४०७’ आणि थंडीसाठी ‘ईएन ५११’ ही वेगळी मानके आहेत. विजेच्या कामाचे रबरी हातमोजे तर सर्वस्वी निराळे असतात. भारतीय मानक ब्युरोचा त्यासाठीचा मानक क्रमांक ‘आयएस ४७७०’ आहे. रसायनाचा किंवा घरगुती रबरी हातमोजा घालून विजेच्या तारेला हात लावणे जिवावर बेतू शकते.

या आकड्यांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. भेदनकाळाची चाचणी प्रयोगशाळेत सुमारे २३ अंश सेल्सिअस तापमानाला होते. हाताच्या उबेने हातमोजा त्याहून अधिक गरम होतो. पालघरच्या उन्हाळ्यात, रिअॅक्टरजवळ, गरम द्रावण हाताळताना तापमान आणखी वाढते आणि रसायन अधिक वेगाने झिरपते. वेष्टनावर ३० मिनिटे लिहिलेली असतील, तर प्रत्यक्षात तेवढा वेळ हाती आहे असे गृहीत धरू नये. दोन रसायनांच्या मिश्रणाचा भेदनकाळही त्यांच्या वेगवेगळ्या आकड्यांवरून काढता येत नाही.

रसायन कोणते आहे हे कळल्याशिवाय ही सर्व माहिती निरुपयोगी आहे. ड्रमवरील लेबल आणि कारखान्यात ‘एमएसडीएस’ म्हणून ओळखले जाणारे सुरक्षा माहितीपत्रक हे त्याचे उगमस्थान. या पत्रकात १६ विभाग असतात आणि आठव्या विभागात वैयक्तिक संरक्षणाच्या साधनांची माहिती असते. तेथे नुसते ‘योग्य हातमोजे वापरा’ एवढेच लिहिले असेल, तर हातमोज्याचा पदार्थ, जाडी आणि भेदनकाळ विचारून घ्यावा.

माप, घाम आणि सवय

हातमोजा योग्य असूनही कामगार तो काढून ठेवतात, याचे मुख्य कारण गैरसोय हे आहे. मोठा हातमोजा पकड बिघडवितो. लहान हातमोज्याने बोटे आखडतात आणि ताणलेले रबर लवकर फाटते. माप घेण्याची रीत सोपी आहे. अंगठा वगळून तळहाताच्या सर्वांत रुंद भागाभोवती टेप गुंडाळावी. हा घेर इंचांत जेवढा, तेवढा हातमोज्याचा क्रमांक. २०३ मिलिमीटर, म्हणजे आठ इंच घेर असेल तर आठ क्रमांक. २२९ मिलिमीटरला नऊ. एकाच मापाचा गठ्ठा आणून सर्वांना वाटला, की निम्म्या कामगारांना तो बसत नाही. लहान हातांच्या महिला कामगारांची तर सर्वाधिक अडचण होते.

किनारपट्टीच्या दमट हवेत रबराच्या आत घाम साचतो. ओलसर त्वचा मऊ पडते, तिला लवकर इजा होते आणि बुरशीचा संसर्ग होतो. आतून सुती अस्तराचे हातमोजे किंवा आत घालावयाचे पातळ सुती मोजे यासाठी उपयोगी पडतात. ते रोज धुतलेले व कोरडे असावेत. अधूनमधून हात कोरडे करण्यासाठी विश्रांती मिळणे ही चैन नव्हे, तो संरक्षणाचाच भाग आहे.

घालण्यापूर्वी हातमोज्यात हवा कोंडून, मनगटाकडील बाजू गुंडाळून दाबावी. हवा निसटली तर तो टाकून द्यावा. हात खाली ठेवून काम करायचे असेल, तर बाही हातमोज्याच्या वर यावी, म्हणजे ओघळ आत जात नाही. हात वर करून व्हॉल्व्ह किंवा नळी सोडवायची असेल, तर बाही आत आणि हातमोज्याचा काठ बाहेर दुमडलेला असावा. काढण्यापूर्वी हातमोजे धुवावेत. मग एका हातमोज्याचा काठ बाहेरून धरून तो उलटा करीत काढावा आणि मोकळ्या हाताची बोटे दुसऱ्याच्या आतून घालून तोही उलटा करावा. बाहेरच्या बाजूस उघडी त्वचा लागू न देणे, हे यातील सूत्र होय.

जुना हातमोजा जपून वापरण्याची काटकसर येथे महागात पडते. द्रावक रबरात शिरल्यावर काम थांबले, तरी त्याचा प्रवास थांबत नाही. संध्याकाळी खुंटीला टांगलेल्या हातमोज्यात ते रात्रभर आतल्या बाजूकडे सरकत राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार हात घालतो तो रसायनातच. असे हातमोजे खिशात किंवा डब्याच्या पिशवीत ठेवून घरी नेणे तर कुटुंबालाही घातक आहे.

जेथे हातमोजा नकोच

लेथ, ड्रिलिंग यंत्र किंवा कोणत्याही फिरत्या भागाजवळ हातमोजा घालून काम करणे अत्यंत धोकादायक आहे. हातमोज्याचे टोक फिरत्या भागात अडकले, की क्षणार्धात हात आत ओढला जातो. अशा ठिकाणी यंत्राला संरक्षक जाळी असणे हाच उपाय. ‘सुरक्षेसाठी सर्वत्र हातमोजे सक्तीचे’ अशी सरसकट पाटी लावणे म्हणून योग्य नाही.

थंडीसाठी वेगळे शास्त्र

हातमोजा कामानुसार निवडावा, हे सूत्र थंडीलाही लागू पडते. पालघरजवळचे सातपाटी पापलेटसाठी प्रसिद्ध आहे. या माशाला २०२३ मध्ये राज्य माशाचा दर्जा मिळाला. मासळी निवडताना व बर्फात भरताना हात दीर्घकाळ शून्य अंशाच्या पाण्यात राहतात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे बोटे बधिर होतात आणि काटा टोचलेलाही कळत नाही. नुसता रबरी हातमोजा पाणी अडवितो, थंडी अडवीत नाही. नुसता लोकरी हातमोजा ऊब देतो, पण भिजला की उलट गारठवितो. येथे आत अस्तर, बाहेर जलरोधक थर आणि पकडीसाठी खरबरीत तळवा अशी जोडी लागते. ‘ईएन ५११’ च्या चिन्हाखाली तीन आकडे असतात. पहिला थंड हवेचा, दुसरा थंड वस्तूच्या स्पर्शाचा आणि तिसरा पाण्याचा. पहिले दोन शून्य ते चार असतात व जेवढे मोठे तेवढे चांगले. तिसरा आकडा शून्य असेल, तर तो हातमोजा ओल्या कामासाठी नव्हे.

हिवाळ्यात गुलमर्ग, औली किंवा सोलंग येथे बर्फावर घसरण्यासाठी जाणाऱ्या पर्यटकांनाही हेच गणित उपयोगी पडेल. पडताना हात बर्फात रुततात आणि शरीराच्या उबेने तो बर्फ वितळतो. तेथे पूर्ण रबरी हातमोजा चालत नाही, कारण आतला घाम बाहेर जात नाही आणि ओले हात गोठू लागतात. त्यासाठी बाहेर पाणी न धरणारे कापड, मध्ये पाण्याचे थेंब अडविणारा पण वाफ बाहेर सोडणारा पातळ पडदा आणि आत उबदार अस्तर अशी रचना असते. चारही बोटे एकत्र राहतील असा हातमोजा बोटाबोटांच्या हातमोज्यापेक्षा अधिक उबदार असतो. बोटे थोडी हलतील इतका तो सैल असावा, मनगटाशी आवळता यावा आणि आतला सुटा पातळ मोजा जादा बरोबर ठेवावा. बोट पांढरे व बधिर झाले, तर त्यावर बर्फ चोळू नये. काखेत धरून ऊब द्यावी आणि आडोशाला जावे.

खर्च कोणाचा?

हातमोज्यांचा खर्च कामगाराच्या वेतनातून कापणे कायद्याला मान्य नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही, कारखानदाराने पुरवावयाच्या साधनांसाठी कामगाराकडून शुल्क घेण्यास मनाई होती. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये याच अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे बंधनकारक झाले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सुरक्षितता व आरोग्यासाठी केलेल्या कोणत्याही तरतुदीचा आकार कर्मचाऱ्याकडून घेऊ नये, असे तीही सांगते. आपल्या सुरक्षिततेविषयी मालकाकडून माहिती मिळविण्याचा हक्कही कर्मचाऱ्याला आहे. कामगार थेट कंपनीचा नसून ठेकेदाराचा असला, म्हणून त्याची त्वचा अधिक टणक होत नाही, याचे भान व्यवस्थापनाने ठेवावयास हवे.

संरक्षणाच्या उतरंडीत हातमोजा हे शेवटचे साधन आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. घातक रसायनाऐवजी सौम्य रसायन वापरता येईल का, ड्रम हाताने ओतण्याऐवजी पंप लावता येईल का, नमुना घेण्यासाठी बंद व्यवस्था करता येईल का, या प्रश्नांची उत्तरे आधी शोधली पाहिजेत. महागडे हातमोजे वाटून ही जबाबदारी संपत नाही.

हातावर रसायन पडल्यास

हातमोजा, घड्याळ, अंगठी तत्काळ काढावी आणि वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे हात धरावा. आम्ल पडले म्हणून त्यावर सोडा चोळणे किंवा अल्कलीवर लिंबू पिळणे टाळावे. त्यातून उष्णता निर्माण होऊन इजा वाढते. हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या बाबतीत पाण्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावावे लागते. हे आम्ल सौम्य असेल तर वेदना काही तासांनी सुरू होतात, तोवर ते खोलवर पोहोचलेले असते. म्हणून जेथे ते वापरले जाते, तेथे हे जेल हाताशी असलेच पाहिजे. डॉक्टरांकडे जाताना रसायनाचे माहितीपत्रक बरोबर न्यावे. ‘काहीतरी केमिकल पडले’ एवढ्यावरून उपचार ठरविणे अवघड जाते.

हातमोजा हाती घेण्यापूर्वीचे पाच प्रश्न

१. मी नेमके कोणते रसायन हाताळणार आहे आणि ते किती तीव्र आहे?
२. हा हातमोजा कशाचा आहे आणि त्या रसायनासाठी त्याचा भेदनकाळ किती?
३. हात त्यात बुडणार आहे, की केवळ शिंतोडे उडणार आहेत?
४. तो माझ्या मापाचा, अखंड आणि आतून कोरडा आहे का?
५. तो केव्हा बदलायचा आणि वापरल्यावर कोठे टाकायचा?

या पाचही प्रश्नांची उत्तरे देणे हे पर्यवेक्षकाचे कर्तव्य आहे. ती मिळेपर्यंत झाकण न उघडणे हा कामगाराचा शहाणपणा होय. घरी रंगकामाच्या वेळी थिनर वापरणाऱ्यांनी किंवा न्हाणीघर आम्लाने धुणाऱ्यांनीही पहिले दोन प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. भांडी घासण्याचा रबरी हातमोजा आम्लाच्या सौम्य द्रावणाला चालेल, थिनरला चालणार नाही.